न पेटणारा बंब

आमच्या कारवारकडील घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यांत तांब्याचें एक मोठें भाण चुलीवर कायमचें बसविलेलें असे. झावळ्या, करवंट्या, नारळाचीं सोडणें, असें जें हाताशीं येईल तें त्याच्या खालीं जळे. पाणी तापत नाहीं अशी तक्रार कोणीं केली तर आजी दोनच प्रश्न विचारी: जळण ओलें आहे काय, आणि चुलींतली राख काढली आहे काय? पहिला प्रश्न इंधनाचा, दुसरा हवेचा. आजीनें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. परंतु ज्वलनाचें निम्मेंअधिक शास्त्र त्या दोन प्रश्नांत सामावलेलें होतें, हें आमच्या ध्यानांत येण्यास गेला हिवाळा उजाडावा लागला.

आम्ही शिकवितों भाषा आणि इतिहास. तेव्हां यंत्राविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असें आमचे विज्ञानशिक्षक मित्र विचारतील. उत्तर इतकेंच कीं, यंत्र आमच्या घरीं बिघडलें आणि त्याची किंमत आमच्या आईला मोजावी लागणार होती. पुढील लेखांतील आंकडेमोड त्याच मित्रांनीं तपासून दिली आहे. चुका राहिल्या असल्यास त्या आमच्या.

हैदराबादेंत पौषाच्या पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो. काश्मीरच्या माणसास यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं, परंतु समुद्रकांठच्या वाऱ्यांत आयुष्य गेलेल्या आमच्या आईस ती थंडी हाडांत शिरल्यासारखी वाटे. ती आमच्याकडे राहण्यास आली होती. आमच्या सदनिकेंत स्नानगृहाच्या भिंतीवर गॅसचा बंब, म्हणजे ज्याला सर्वजण गॅस गीझर म्हणतात तो, टांगलेला होता. जागा आम्हीं भाड्यानें घेतली तेव्हांपासून तो तेथेंच होता, आणि त्यानें तेथें असावें कीं नसावें हा विचार आमच्या मनांत कधींही आला नव्हता. एके दिवशीं आई डोक्यावरून तेल-शिकेकाई लावून बसली असतां बंब पेटला, तीन-चार मिनिटें चालला आणि विझला. थोड्या वेळानें पुन्हा पेटला, पुन्हा विझला. दुसऱ्या दिवशीं तेंच. घरांत जो तो आपापलें निदान सांगूं लागला. धाकट्या मुलानें त्यांतील विजेऱ्या बदलल्या. शेजाऱ्यांनीं टाकी बदलून पाहण्यास सांगितलें. गुण कशानेंच आला नाहीं.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. नळ सोडतांच पाणी तापवून देणारें हें यंत्र १८६८ सालीं लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन यानें तयार केलें. आइसलंडांत ‘गेसिर’ नांवाचा उष्ण पाण्याचा एक प्रसिद्ध झरा आहे. त्यावरून त्यानें आपल्या यंत्रास ‘गीझर’ हें नांव दिलें. त्या पहिल्या यंत्रास धूर बाहेर नेण्याची नळी नव्हती. ती उणीव पुढें भरून निघाली असें इतिहास सांगतो. परंतु आपल्याकडील कित्येक स्नानगृहांतील लहान बंबांकडे पाहिलें म्हणजे आपण अद्याप मॉघनच्याच काळांत आहोंत कीं काय अशी शंका येते.

बंबाचें पांढरें झांकण काढलें कीं आंत तळाशीं वायु जाळणारी फणी, तिच्यावर तांब्याची उभी पेटी, आणि पेटीभोंवतीं व पेटीच्या माथ्यावरील पातळ पत्र्यांमधून वेढे घेत गेलेली पाण्याची नळी दिसते. ज्योत पत्र्यांना तापविते, पत्रे नळीला, नळी पाण्याला. इतकें सोपें. परंतु आजीच्या चुलींत आणि या पेटींत एक मोठा फरक आहे. चूल पेटविणारा माणूस चुलीसमोर बसलेला असे. येथें पेटविणारा कोणी नाहीं, राखणाराही कोणी नाहीं. म्हणून ज्यांनीं हें यंत्र रचलें त्यांनीं माणसाच्या जागीं कांहीं पहारेकरी बसविले आहेत, आणि ते सर्व एकाच सांखळीनें बांधलेले आहेत. त्यांपैकीं एकानेंही ‘नाहीं’ म्हटलें कीं वायूची झडप मिटते. बंब पेटत नाहीं किंवा पेटून विझतो याचा अर्थ बहुधा इतकाच असतो कीं, कोणत्या तरी पहारेकऱ्यानें नकार दिला आहे. दुरुस्ती म्हणजे तो कोण आणि त्यानें काय पाहिलें हें शोधून काढणें.

पहिला पहारेकरी पाण्याचा. नळ सोडल्यावर येणाऱ्या पाण्याच्या दाबानें रबराचा एक पातळ पडदा फुगतो, तो एक दांडी ढकलतो आणि त्या दांडीनें विजेची एक लहानशी कळ दाबली जाते. पाणीच नसेल तर रिकामी नळी तापून वितळेल, यासाठीं ही योजना. आतां पाण्याला पुरेसा जोर येण्यास टाकी बंबाच्या वर साधारण दोन-तीन मीटर तरी असावी लागते. हैदराबादेंत ज्यांची सदनिका अगदीं वरच्या मजल्यावर आणि टाकी लगेच गच्चीवर, त्यांचा नवाकोरा बंबही रुसून बसतो तो यामुळें. ते बिचारे दुकानदाराशीं भांडतात. वास्तविक भांडण गुरुत्वाकर्षणाशीं असतें. तळमजल्यावरील कुटुंबास हीच तक्रार असेल तर बंबांत पाणी शिरतें तेथील बारीक जाळी काढून पाहावी. गाळ आणि वाळू यांनीं ती बुजलेली आढळते.

दुसरा ठिणगीचा. येथें दीड व्होल्टच्या दोन जाड विजेऱ्या काम करतात. नळ सोडल्यावर ‘टक्‌टक्‌टक्‌’ असा आवाज आला नाहीं, किंवा अगदीं मंद आला, तर आधीं विजेऱ्या पाहाव्या. विजेऱ्या चांगल्या असून त्यांच्या टोकांवर हिरवट गंज धरला असेल तरीही तोच परिणाम होतो. स्नानगृहाच्या दमटपणांत हें वारंवार घडतें.

आवाज येतो, पण ज्योत नाहीं, अशा वेळीं वायु पोहोंचतो कीं नाहीं तें पाहावें. स्वयंपाकघरांतील शेगडी त्याच जोडणीवर नीट पेटत असेल तर टाकी रिकामी नाहीं. बंबाकडील तोटी बंद आहे किंवा रबरी नळी दुमडली आहे. या बाबतींत आमच्या एका स्नेह्यांची हकीगत सांगण्यासारखी आहे. त्यांच्या वसाहतींत भाग्यनगर गॅसची नळी आली. २००३ सालीं स्थापन झालेली ही कंपनी शहराच्या पुष्कळ भागांत नळीनें वायु पुरविते. स्नेह्यांनीं मोठ्या हौसेनें टाकीवरचा बंब स्वतःच्या हातानें नळीला जोडला, आणि पाणी कोमटापलीकडे जाईना. कारण असें कीं, टाकींतील वायु हा प्रोपेन आणि ब्यूटेन यांचें मिश्रण, तर नळींतील वायु मुख्यतः मिथेन. तितक्याच आकारमानाचा नळींतील वायु जळला तर टाकींतील वायूच्या मानानें निम्म्याहूनही कमी उष्णता देतो; म्हणून नळीवरच्या बंबाचें तोंड मोठ्या भोकाचें असावें लागतें. याच्या उलट, नळीवरचा बंब कोणीं टाकीला जोडला तर ज्योत भडकून काजळी धरील. हा बदल जाणत्याकडूनच करवून घ्यावा. स्नेह्यांचें कोमट पाण्यावर निभावलें; उलट प्रकार झाला असता तर निभावलें नसतें.

तिसरा पहारेकरी आम्हांला सर्वांत कौतुकाचा वाटला. ज्योतींत शिरलेला एक धातूचा कांटा असतो. ज्योत ही नुसती उष्ण हवा नव्हे. तींत विद्युत्‌भारित कण असतात, आणि त्यामुळें तिच्यांतून विजेचा अगदीं क्षीण प्रवाह वाहूं शकतो. तो प्रवाह वाहतो तोंवर ज्योत आहे असें यंत्र समजतें. तुटला कीं झडप मिटते, म्हणजे न जळलेला वायु खोलींत सांचत नाहीं. जुन्या बंबांत हेंच काम दोन धातूंचा सांधा करी. असा सांधा तापला म्हणजे वीज उत्पन्न होते हें सेबेक या जर्मन शास्त्रज्ञानें १८२१ सालीं दाखविलें होतें. या कांट्यावर काजळी बसली तर ज्योत असूनही ती त्यास ‘दिसत’ नाहीं आणि बंब पेटून लगेच, पांच-दहा सेकंदांत, विझतो.

आमचा बंब मात्र तीन-चार मिनिटें चालून विझत होता. ही खूण महत्त्वाची होती, पण ती आम्हांला तेव्हां कळली नाहीं. जें यंत्र थंड असतांना चालतें आणि तापल्यावर थांबतें, त्याला थांबविणारा पहारेकरी उष्णतेचा असला पाहिजे. तांब्याच्या पेटीजवळ बसविलेली ती बोराएवढी एक चकती असते. ठराविक मर्यादेपेक्षां ताप वाढला कीं तिच्यांतील वीज तुटते, आणि निवल्यावर ती पुन्हा जोडली जाते.

रविवारीं एक कारागीर आला. माणूस हुशार होता. दहा मिनिटांत त्यानें हीच चकती नेमकी शोधून काढली. तिच्या दोन तारा सोडविल्या, त्या एकमेकींना जोडून दाखविल्या आणि नळ सोडला. बंब धडधडीत चालूं लागला. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं, विझला नाहीं. “डायरेक्ट करून देतों साहेब, आतां कधींच बंद पडणार नाहीं,” असें म्हणून त्यानें अडीचशें रुपये मागितले. आम्ही पाकीट काढलेंही होतें. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आम्हांला त्याचें कौतुकच वाटलें.

आई दारांत उभी होती. ती म्हणाली, “तो म्हणतो कधींच बंद पडणार नाहीं. मग बंद पडण्यासाठीं ती चकती घातली कोणीं?” आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. कारागिरानें हंसून सांगितलें कीं, कंपन्या उगीच असलें कांहींबाही घालतात. आईनें मग आपल्या भाषेंत निकाल दिला: “थंड उदकान न्हालें म्हूण कोण मरना.” थंड पाण्यानें आंघोळ केली म्हणून कोणी मरत नाहीं. तारा पुन्हा पहिल्यासारख्या करवून घेतल्या, कारागिराला त्याच्या वेळेचे पैसे दिले आणि बंबाची तोटी बंद केली.

दोन दिवसांनीं बंब बनविणाऱ्या कंपनीच्या सेवाकेंद्रांतून दुसरा मनुष्य आला. त्यानें झांकण काढलें आणि आम्हांला जवळ बोलावून पेटीचे पत्रे दाखविले. त्यांच्यामधील फटी काजळीनें जवळजवळ बुजल्या होत्या. नळीचें तोंड सोडविलें तर आंतून पांढऱ्या दगडाचा थर निघाला. त्या थराचा उगम आमच्या इमारतीच्या हौदांत होता. शहरास मंजीरा, कृष्णा, गोदावरी या नद्यांचें पाणी येतें, पण उन्हाळ्यांत तें पुरत नाहीं, म्हणून हौदांत विंधणविहिरीचें पाणी मिसळतात. दख्खनच्या खडकांतून आलेलें हें पाणी जड असतें. तें तापलें कीं त्यांतील विरघळलेले कॅल्शियमचे क्षार विघटन पावून चुन्याच्या रूपानें नळीला आंतून चिकटतात. हा थर उष्णतेचा वाईट वाहक. नळी आंतून अरुंद झाल्यामुळें पाणी कमी वाहणार, आणि थरामुळें तांब्याची उष्णता पाण्यांत नीट उतरणार नाहीं. मग तांबें तापत जाणार आणि चकती ‘पुरे’ म्हणणार. कारागिराच्या दृष्टीनें बिघडलेली चकती घरांतील एकमेव शहाणी वस्तु होती.

परंतु काजळीचें काय? चुनखडीनें काजळी धरत नाहीं. त्या मनुष्यानें वर पाहिलें. स्नानगृहाच्या झरोक्यास आम्हीं पुठ्ठा ठोकला होता. आईला थंडी वाजते म्हणून.

येथें आम्हांला आजीचा दुसरा प्रश्न आठवला. आणि त्याबरोबर आणखीही एक गोष्ट आठवली: गेला आठवडाभर आंघोळ करून आल्यावर आईचें डोकें दुखे, मळमळे, आणि ती तासभर पडून राही. आम्ही त्यास पित्त समजलों होतों. सुंठीचा लेप घातला, कोकमाचें सरबत दिलें.

वायु पुरेशा हवेंत जळला तर त्यांतील कर्बाचा कार्बन डाय-ऑक्साईड होतो आणि ज्योत निळी दिसते. हवा अपुरी पडली म्हणजे कांहीं कर्ब अर्धवटच जळतो. त्याची काजळी होते, ज्योत पिवळी पडते, आणि कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु उत्पन्न होतो. यास रंग नाहीं, वास नाहीं. टाकींतील वायूला मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य घातलेलें असतें, त्यामुळें तो गळला तर नाक सांगतें. जळल्यानंतर निघणाऱ्या या वायूविषयीं नाक कांहींच सांगत नाहीं. आपल्या रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायु वाहून नेतें. परंतु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट आसक्तीनें तें या वायूला धरतें. जागा अडली कीं प्राणवायूला स्थान उरत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मग मळमळ, चक्कर, पायांतील शक्ति जाणें. दार उघडावें हें कळतें, पण उठवत नाहीं. पुढें कळतही नाहीं. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत या वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी पिंजऱ्यांत घालून नेत. हाल्डेन या शास्त्रज्ञानें सुचविलेली ही पद्धति १९८६ पर्यंत चालू होती. पक्ष्याचा श्वसनवेग मोठा, म्हणून तो माणसाआधीं कोसळे. आमच्या स्नानगृहांत पक्षी नव्हता, आई होती.

हवा किती लागते याचा हिशेब आमच्या विज्ञानशिक्षक मित्रांनीं फळ्यावर मांडून दाखविला, तो नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनीं तापवावयाचें तर १५० किलोकॅलरी उष्णता लागते. कांहीं उष्णता वायां जाते, ती धरून मिनिटाला सुमारें १७ ग्रॅम वायु जळतो. एक किलो वायु पूर्णपणें जळण्यास साधारण १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला सव्वादोन घनमीटर. आमचें स्नानगृह पांच फूट रुंद, सात फूट लांब, आठ फूट उंच. एकूण हवा आठ घनमीटर. दार-झरोका घट्ट बंद असेल तर एका आंघोळींत खोलींतील पाव हिश्शाहून अधिक हवेचा प्राणवायु संपला. आणि घरांत आंघोळी एकामागून एक होतात! नरकचतुर्दशीच्या पहाटे, कारीट फोडून, पांच माणसें ओळीनें अभ्यंगस्नान करतात, मुलांना थंडी लागूं नये म्हणून दार कोणी उघडें ठेवीत नाहीं, आणि बंब अखंड चालतो. शेवटीं स्नानास जाणारी व्यक्ति बहुधा घरांतील गृहिणीच असते.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ती चकती कार्बन मोनॉक्साईड ओळखीत नाहीं. तिला फक्त ताप कळतो. चुन्याच्या थरानें तांबें तापलें म्हणून ती थांबली. आईला होणारी विषबाधा तिला ठाऊक नव्हती. पण तिच्या हट्टामुळें पेटी उघडली गेली, आणि पेटी उघडल्यामुळें काजळी दिसली. त्या रविवारीं तारा तशाच जोडून ठेवल्या असत्या तर सोमवारीं आईनें तीन मिनिटांच्या जागीं वीस मिनिटें त्या बंद खोलींत काढलीं असतीं.

ही हकीगत आम्हीं आमच्या धाकट्या बहिणीस फोनवर सांगितली. ती अमेरिकेंत न्यू जर्सीमध्यें राहते. ऐकून ती म्हणाली, “अगदीं हेंच आमच्या ड्रायरचें झालें!” कपडे सुकविण्याचें हें यंत्र आपल्याकडे घरोघरीं नाहीं, आपल्याला गच्ची आहे आणि ऊन फुकट आहे. तिकडे हिवाळ्यांत बाहेर टाकलेलें धोतर पापडासारखें ताठ होईल, म्हणून हें यंत्र. त्याचीही रचना बंबासारखीच, फक्त येथें पाण्याऐवजीं हवा तापते. एक मोठा पिंप विजेच्या मोटारीनें फिरतो, त्यांत ओले कपडे. तळाशीं वायूची ज्योत. पंखा ती गरम हवा कपड्यांतून ओढून घेतो आणि दमट झालेली हवा चार इंची नळीनें घराबाहेर सोडतो.

बहिणीचा पिंप फिरत होता, पण कपडे थंडच. तिनें पाहिलेला क्रम आम्हांला फार नमुनेदार वाटला. शेगडी पेटत होती, म्हणजे घरांत वायु होता. यंत्रामागील तोटीची मूठ नळीच्या रेषेंत होती, म्हणजे तोटी उघडी होती. मग तिनें खालच्या झांकणांतील लहान भोकांतून आंत पाहिलें. अशा यंत्रांत काडीऐवजीं एक ठिसूळ कांडी असते. वीज मिळतांच ती लालभडक तापते आणि मग झडप उघडून वायु तिच्यावर पेटतो. येथें तीन गोष्टी संभवतात. कांडी तापते, पण ज्योत येत नाहीं: झडप उघडणारीं विद्युत्‌चुंबकाचीं वेटोळीं थकलीं आहेत. हीं वेटोळीं कित्येकदां थंड असतांना चालतात आणि गरम झाल्यावर दगा देतात, त्यामुळें पहिला घाणा अर्धा सुकतो आणि दुसरा ओलाच राहतो. ज्योत येते, पण लवकर विझते: हवेची वाट कोंदली आहे. आणि कांडी तापतच नाहीं: एक तर कांडी तडकली आहे, किंवा उष्णतेच्या पहारेकऱ्यानें वीज तोडली आहे. बहिणीच्या घरीं हा शेवटचा प्रकार होता. मात्र आपल्या बंबांतील चकती निवल्यावर पुन्हा काम करते, तसें तिकडील या तुकड्याचें नाहीं. तो एकदां वितळला कीं संपला. नवाच घालावा लागतो.

ऐकण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. हाच तुकडा मागच्या वर्षींही गेला होता. तेव्हां आलेल्या माणसानें नवा घातला, यंत्र तापूं लागलें, तो पैसे घेऊन गेला. या खेपेस आलेल्या वयस्कर कारागिरानें तुकड्याला हातही न लावतां प्रथम घराबाहेर जाऊन भिंतींतील नळीचें तोंड पाहिलें. यंत्र चालू असतांना तेथील झडप वाऱ्यानें उघडावयास हवी. ती हलतही नव्हती. त्यानें नळी सोडविली आणि आंतून कपड्यांच्या सुतळ धाग्यांची, कापसासारखी राखाडी लगदी मूठमूठ काढली. गरम हवेला बाहेर जाण्यास वाट नव्हती, म्हणून ती आंतच कोंडून पहारेकऱ्याला जाळीत होती. हे धागे चटकन पेट घेतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानें २००८ ते २०१० या वर्षांचा जो अंदाज केला, त्याप्रमाणें राहत्या घरांतून अशा यंत्रांमुळें दर वर्षीं सुमारें २,९०० आगी लागत होत्या, आणि त्यांचें प्रमुख कारण यंत्र साफ न करणें हेंच होतें. नळी साफ झाल्यावर मग त्यानें नवा तुकडा घातला. या माणसाला आमच्या आजीनें जेवावयास बसविलें असतें.

आमच्याकडे काय झालें तें थोडक्यांत सांगतों. सेवाकेंद्राच्या माणसानें सौम्य आम्ल फिरवून नळींतील चुना काढला, पत्रे ब्रशानें स्वच्छ केले, ज्योत पुन्हा निळी झाली. परंतु तो म्हणाला कीं, बंब स्नानगृहांत राहणार असेल तर मी तो जोडून जाणार नाहीं. आम्हीं घरमालकांशीं बोललों. ते प्रथम नाखूष होते. गणित त्यांना दाखविल्यावर निम्मा खर्च देण्यास तयार झाले. आतां बंब मागील उघड्या गॅलरींत, कपडे धुण्याच्या जागेवर टांगला आहे, आणि तेथून पाण्याची नळी भिंतींतून आंत आणली आहे. पाणी आंत येण्यास पांच-सात सेकंद अधिक लागतात. झरोक्यावरचा पुठ्ठा काढून टाकला.

ज्यांच्या घरीं बंब अजून स्नानगृहांत आहे त्यांनीं तो बाहेर हलेपर्यंत पाणी बादलींत भरून घ्यावें, बंब बंद करावा, आणि मगच दार लावून आंघोळीस बसावें. झरोका मिटूं नये. ज्योत पिवळी दिसली, झांकणावर काळे डाग पडले, किंवा आंघोळीनंतर डोकें दुखूं लागलें तर बंब त्याच दिवशीं बंद करावा. आंत गेलेलें माणूस हांकेला ओ देत नसेल तर दार फोडण्यास संकोच करूं नये. त्यास मोकळ्या हवेंत ओढून आणावें, वायूची तोटी बंद करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना गॅसच्या बंबाचें नांव आवर्जून सांगावें, एरवीं त्यांचें लक्ष दुसरीकडे जाण्याचा संभव असतो. टाकीचा वायु गळत असल्याचा वास आला तर विजेचें कोणतेंही बटण दाबूं नये, कारण हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत पसरून राहतो. दारें-खिडक्या उघडून बाहेर पडावें आणि १९०६ या क्रमांकावर कळवावें.

आईची डोकेदुखी चार दिवसांत गेली. माघांत ती कारवारास परतली. खिडकीस ती अजून जनेलच म्हणते. परवां संक्रांतीच्या सुमारास फोन आला, तेव्हां नातवंडांची चौकशी करण्याआधीं तिनें विचारलें कीं, न्हाणीचें जनेल उघडें आहे ना? आम्ही हो म्हणालों, आणि फोन हातांत धरूनच तें पाहून आलों.